‘इट’ म्हणजे नक्की कोण?

एक वाक्य वाचा. इंग्रजी आहे, पण घाबरू नका, सोपं आहे. ‘व्हेन द प्लॅनेट पासेस इन फ्रंट ऑफ द स्टार, इट लुक्स डिमर.’ आता सांगा, अंधूक कोण दिसतं? ग्रह की तारा?

तारा, असं तुम्ही म्हणाल आणि ते बरोबरच आहे. पण कशावरून? ‘स्टार’ हा शब्द ‘इट’च्या जवळ आहे म्हणून? मग हे घ्या दुसरं वाक्य. ‘व्हेन द प्लॅनेट पासेस इन फ्रंट ऑफ द स्टार, इट ब्लॉक्स सम ऑफ द लाइट.’ पहिला अर्धा भाग शब्दन्‌शब्द तोच, ‘इट’ची जागाही तीच. पण आता ‘इट’ म्हणजे ग्रह. जवळच्या नामाचा नियम दुसऱ्याच वाक्यात गळून पडला.

दोन्ही वेळा तुम्ही उत्तर दिलंत ते व्याकरणाच्या जोरावर नाही. ग्रहाला ताऱ्यासारखा स्वतःचा उजेड नसतो, तो ताऱ्यासमोर आला की ताऱ्याचा थोडा प्रकाश अडतो, हे तुम्हाला आधीच ठाऊक होतं. विज्ञान माहीत होतं म्हणून सर्वनाम सुटलं. आता उलटा विचार करा. ज्याला ते विज्ञान अजून माहीत नाही, जो नेमकं तेच शिकण्यासाठी हे वाक्य वाचतोय, त्याने काय करायचं?

प्रश्न हवेतला नाही. दहावीपर्यंत मराठी माध्यमातून शिकून अकरावीला किंवा एफवायला एकदम जाडजूड इंग्रजी पुस्तक हातात पडलेल्या कुणालाही विचारा. अवघड शब्द डिक्शनरीत सापडतात. ‘इट’, ‘दिस’, ‘विच’, ‘दे’ हे शब्द डिक्शनरीत सापडूनही उपयोग नसतो, कारण त्यांचा अर्थ असतो आधीच्या ओळीत कुठेतरी. एकच पॅराग्राफ तीनदा वाचूनही डोक्यात शिरत नाही आणि मग आपण निकाल लावून मोकळे होतो, ‘फिजिक्स आपल्याला जमणारच नाही.’ बऱ्याचदा फिजिक्स जमत असतं हो. ‘इट’ कोण, एवढंच कळलेलं नसतं.

सर्वनाम ज्या नामाच्या बदल्यात येतं, त्याला इंग्रजी व्याकरणात ‘अँटिसीडंट’ म्हणतात. शब्दशः अर्थ, आधी येऊन गेलेला. हा अँटिसीडंट शोधण्याचं काम किती चिवट असू शकतं हे बघायचं असेल, तर मान वर करा. आकाशात अशा काही जागा आहेत जिथे व्याकरणाचा हा प्रश्न खरोखरीच खगोलशास्त्राचा प्रश्न होतो. तिथे दोन तारे आहेत. एक ग्रह आहे. तो फिरतोय. कुणाभोवती?

एकाचे दोन झाले की

आपल्याकडे एकच सूर्य आहे, म्हणून आपली भाषा सुखात आहे. ‘अ प्लॅनेट ऑर्बिट्स इट्स स्टार’ हे वाक्य आपण डोळे मिटून लिहितो. ‘इट्स स्टार’ म्हटलं की दुसरा उमेदवारच नाही. पण सूर्यासारख्या ताऱ्यांपैकी जवळपास निम्म्यांना निदान एक तरी जोडीदार असतो. म्हणजे सूर्याचं एकटेपण हा काही विश्वाचा सरसकट नियम नाही.

दोन तारे एकमेकांच्या गुरुत्वाकर्षणात अडकलेले असतात तेव्हा ते दोघंही त्यांच्यामधल्या एका समाईक बिंदूभोवती फिरत राहतात. इंग्रजीत ‘दे ऑर्बिट ईच अदर’. (रेन अँड मार्टिनच्या पठडीत वाढलेल्यांना इथे आठवेल की दोघं असले तर ‘ईच अदर’ आणि दोनपेक्षा जास्त असले तर ‘वन अनदर’. चांगले चांगले इंग्रजी लेखक हा नियम सर्रास मोडतात, पण परीक्षेत मोडू नका.)

या जोडीत ग्रह आला की त्याच्यापुढे टिकून राहण्याचे मुख्यतः दोन मार्ग असतात. पहिला, दोघांपैकी एकाला घट्ट धरायचं आणि त्याच्याच जवळून फिरायचं. दुसरा तारा लांब कुठेतरी असतो, मधूनमधून ओढतो, पण संसारात लुडबुड करत नाही. दुसरा मार्ग म्हणजे दोघांपासून पुरेसं लांब जायचं आणि जोडीलाच प्रदक्षिणा घालायची. इतक्या अंतरावरून ग्रहाला ते दोन तारे जवळजवळ एकाच वस्तूसारखे वाटतात. खगोलशास्त्रज्ञ पहिल्याला ‘एस टाइप’ कक्षा म्हणतात, दुसऱ्याला ‘पी टाइप’.

व्याकरणाच्या तासाला ‘कलेक्टिव्ह नाउन’ शिकलात ना? ‘टीम’, ‘कमिटी’, ‘फॅमिली’. लांबून बघितलं तर टीम एकच, म्हणून ‘इट’. आत शिरून एकेक माणूस बघितला की ‘दे’. पी टाइप कक्षेतल्या ग्रहासाठी ताऱ्यांची जोडी म्हणजे असंच समूहवाचक नाम आहे. तो ‘इट’भोवती फिरतो आणि त्या ‘इट’च्या पोटात दोघं बसलेले असतात. एस टाइपवाल्याचा ‘इट’ मात्र दोघांपैकी एकच, आणि तो कोण हे त्याने आधीच ठरवून टाकलेलं असतं.

मग मधल्या जागेत काय? धड एकाजवळ नाही, धड दोघांपासून लांबही नाही, अशा कक्षेत ग्रह ठेवला तर? १९९९मध्ये मॅथ्यू होल्मन आणि पॉल विगर्ट या दोन शास्त्रज्ञांनी कॉम्प्युटरवर अशा असंख्य काल्पनिक कक्षा चालवून बघितल्या आणि कुठली टिकते, कुठली नाही याची गणितं मांडली. समजा, दोन्ही तारे सारख्या वजनाचे आहेत आणि वर्तुळाकार कक्षेत फिरताहेत. तर एकाभोवती फिरणाऱ्या ग्रहाने दोघांमधल्या अंतराच्या साधारण ०.२७ पटीच्या आत राहायचं. जोडीभोवती फिरणाऱ्याने त्याच अंतराच्या साधारण २.४ पटीच्या बाहेर. मधला पट्टा धोक्याचा. तिथे ग्रहाला कधी हा ओढतो, कधी तो. काही काळ हेलपाटत फिरल्यावर तो एखाद्या ताऱ्यावर जाऊन आपटतो, नाहीतर सरळ बाहेर फेकला जातो.

संदिग्ध सर्वनाम परीक्षेत एखादा मार्क खातं. संदिग्ध कक्षा ग्रहच खाते.

नेटफ्लिक्सवर २०२४मध्ये आलेली ‘थ्री बॉडी प्रॉब्लेम’ ही सीरिज तुमच्यातल्या अनेकांनी एका बैठकीत संपवली असेल. चिनी लेखक लिऊ त्सिशिन यांच्या कादंबरीवरची. तिच्यातल्या परग्रहवासीयांचं सगळं दुखणं हेच तर आहे. सूर्य तीन आणि आज आपला ‘इट’ कोणता, हे उद्या खरं असेलच याची खात्री नाही.

कोण कुणासमोरून गेलं?

आता सगळ्यात भारी गोष्ट. हे ग्रह प्रत्यक्ष दिसत नाहीत. दिसतो फक्त ताऱ्यांचा प्रकाश, तोही एका ठिपक्यात मिसळलेला. केपलर दुर्बिणीने २००९पासून हंस तारकासमूहाच्या परिसरातल्या लाखाहून अधिक ताऱ्यांवर अशीच टक लावली होती. तिने काय नोंदवलं? प्रकाश इतका होता, मग इतका कमी झाला, मग पूर्ववत झाला. थोडक्यात, ‘इट डिम्ड’. एवढंच. कर्ता सर्वनाम, आणि अँटिसीडंट गायब!

केपलर-१६ नावाच्या ठिपक्याने असंच कोडं घातलं. तिथे दोन तारे आहेत. एकाचं वस्तुमान सूर्याच्या ६९ टक्के, दुसऱ्याचं जेमतेम २० टक्के. ४१ दिवसांत ते एकमेकांभोवती एक फेरी पूर्ण करतात आणि आपल्या बाजूने बघताना आळीपाळीने एकमेकांसमोरून जातात. छोटा मोठ्यासमोर आला की एक खळगा. मोठा छोट्यासमोर आला की दुसरा. हे दोन खळगे वेळेवर येत होते, शाळेच्या घंटेसारखे. पण आलेखात त्यांच्याखेरीज आणखी खळगे होते, आणि ते वेळ पाळत नव्हते.

कुणीतरी तिसरा होता. तो कधी मोठ्या ताऱ्यासमोरून जात होता, कधी छोट्या. दोघांसमोरून जातोय म्हणजे तो दोघांच्याही बाहेर आहे. वेळ पाळत नाही, कारण तो फेरी मारून परत येईपर्यंत तारे आपापल्या जागा बदलून बसलेले असतात. प्लॅटफॉर्मच सरकत असेल तर लोकल वेळेवर आली तरी तुमच्यासमोर वेळेवर कशी थांबणार? शिवाय ताऱ्यांच्या ग्रहणांच्या वेळासुद्धा अगदी किंचित मागेपुढे होत होत्या, आणि त्या किती सरकतात यावरून तिसऱ्याचं वजन काढता आलं. तारा नव्हता तो. शनीच्या आसपास आकारमान आणि वस्तुमान असलेला ग्रह होता. लॉरन्स डॉइल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सप्टेंबर २०११मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात हे जाहीर केलं, तेव्हा ‘स्टार वॉर्स’मधल्या टॅटूइनची आठवण निघाली नसती तरच नवल. १९७७च्या त्या सिनेमातला दोन सूर्यांचा सूर्यास्त शोभेचा होता. इथे तो खरा सापडला. एक सूर्य नारिंगी, दुसरा लालसर. ग्रह मात्र थंडगार, उभं राहायलाही जमीन नाही, त्यामुळे सेल्फीचे बेत रद्द.

हा ग्रह जोडीभोवती २२९ दिवसांत फिरतो. तारे एकमेकांपासून सरासरी सव्वातीन कोटी किलोमीटरवर, आणि ग्रह त्या जोडीपासून साधारण साडेदहा कोटी किलोमीटरवर. म्हणजे तिपटीपेक्षा थोडं जास्त. या जोडीची कक्षा पूर्ण गोल नाही आणि तारेही सारखे नाहीत, त्यामुळे इथली सीमारेषा थोडी वेगळी येते. पण ग्रह बसलाय तो त्या रेषेच्या जरासाच बाहेर. थोडा आत असता, तर शोधायला उरलाच नसता.

अशीच दुसरी गोष्ट २०१९ची. अमेरिकेतला वुल्फ कुकिअर नावाचा १७ वर्षांचा शाळकरी मुलगा उन्हाळी इंटर्नशिपसाठी नासाच्या गोडार्ड केंद्रात गेला. त्याचं काम टेस या दुर्बिणीच्या माहितीतल्या ताऱ्यांच्या जोड्या तपासण्याचं. तिसऱ्याच दिवशी टीओआय-१३३८ या जोडीच्या आलेखात त्याला एक खळगा दिसला. आधी वाटलं, एक तारा दुसऱ्यासमोरून गेला असणार. तिथले तारे दर पंधरा दिवसांनी एकमेकांभोवती फेरी मारतात, ग्रहणं होतच असतात. पण वेळ जुळेना. तो ताऱ्याचा खळगा नव्हताच, तिथे एक ग्रह होता, पृथ्वीच्या सुमारे सातपट रुंद. नेपच्यून आणि शनी यांच्या मधल्या मापाचा.

या मुलाने केलं काय, हे नीट बघा. ‘काहीतरी समोरून गेलं’ या वाक्यात ‘काहीतरी’च्या जागी सगळ्यात जवळचं नाम टाकून तो मोकळा झाला नाही. ते नाम तिथे बसतं का, हे त्याने तपासलं. जवळचा उमेदवार होता तारा. तो वेळेच्या परीक्षेत नापास झाला. कॉम्प्रिहेन्शनचा उतारा सोडवताना नेमकं हेच करायचं असतं.

मराठी किती वाचवते?

आता तुम्ही म्हणाल, हा घोळ इंग्रजीचा आहे, आपल्याकडे तो-ती-ते आहे. अगदी खरं. ‘चषक पेटीत मावला नाही, कारण तो फार मोठा होता’ असं म्हटलं की प्रश्नच मिटला. ‘तो’ म्हणजे चषक. ‘ती फार लहान होती’ म्हटलं की पेटी. इंग्रजीत दोन्हीकडे ‘इट’, बसा शोधत. पण हेच बोली मराठीत म्हणून बघा. ‘ट्रॉफी बॅगेत मावली नाही, कारण ती मोठी होती.’ ट्रॉफीही ती आणि बॅगही ती. लिंगाचा आधार गेला, उरलं फक्त आपलं शहाणपण.

अशा वाक्यांचा उपयोग मशीनची अक्कल तपासायलाही होतो. टेरी विनोग्राड या संशोधकाने १९७२मध्ये दिलेल्या एका उदाहरणात एकच क्रियापद बदललं की ‘दे’चा अर्थ नगरसेवकांवरून उडी मारून निदर्शकांवर जातो. पुढे अशा वाक्यांची एक चाचणीच त्याच्या नावाने तयार झाली. शब्दांचे अर्थ पाठ असलेलं मशीन तिथे बरीच वर्षं अडखळत राहिलं, कारण नगरसेवक कशाला घाबरतात आणि निदर्शक काय मागतात हे शब्दकोशात लिहिलेलं नसतं.

आकाशाच्या बाबतीत तर मराठीने आपल्याला कात्रीत पकडलंय. ग्रह तो आणि तारा पण तोच. ‘ग्रह ताऱ्यासमोरून गेला तेव्हा तो अंधूक झाला.’ झाला ना घोळ? इथे एक गंमत करता येते. ‘तारा’च्या जागी ‘तारका’ लिहा. ‘ग्रह तारकेसमोरून गेला तेव्हा ती अंधूक झाली.’ वाक्य लख्ख! नाम बदललं, लिंग बदललं, गोंधळ गेला. पण जोडतारे आले की हीही युक्ती संपते, कारण दोन तारकांपैकी ‘ती’ कोणती, हे पुन्हा सांगावं लागतं.

मराठीकडे आणखी दोन हत्यारं आहेत आणि आपण ती न कळत वापरतो. एक म्हणजे ‘आपला’. ‘राहुलने रोहितला आपल्या बाइकवरून स्टेशनला सोडलं’ म्हटलं की बाइक राहुलची. ‘त्याच्या बाइकवरून’ म्हटलं की राहुलची नाही, रोहितची किंवा तिसऱ्याच कुणाची. इंग्रजीत दोन्हीला ‘हिज बाइक’, आणि पेट्रोल कुणाचं गेलं कळायला मार्ग नाही. दुसरं हत्यार ‘जो-तो’ची जोडी. ‘ज्या ताऱ्याभोवती ग्रह फिरतो तो तारा नारिंगी आहे.’ नामाला दोन्ही बाजूंनी धरून ठेवलंय, निसटायची सोयच नाही. इंग्रजीतला ‘विच’ मात्र एकटा असतो. ‘द प्लॅनेट ऑफ द स्टार विच इज ऑरेंज’ यात नारिंगी कोण? त्यामुळे इंग्रजी वाक्य अडलं तर मनातल्या मनात त्याचं ‘जो-तो’ करून बघा. जिथे ‘तो’ कुठे लावायचा ते कळत नाही, तिथेच वाक्याची गाठ आहे.

एका कॅपिटल अक्षराचा फरक

खगोलशास्त्रज्ञांनी या भानगडीवर स्वतःपुरता एक उपाय काढलाय, आणि तो मोठा मजेशीर आहे. सर्वनामावर विसंबायचंच नाही, नावातच सगळं लिहून टाकायचं. ताऱ्यांना कॅपिटल अक्षरं. मोठा तो कॅपिटल ए, त्याचा जोडीदार कॅपिटल बी. ग्रहांना स्मॉल अक्षरं, आणि तीही बीपासून सुरू, कारण स्मॉल ए वापरला तर ताऱ्याशी गल्लत होईल. जोडीतल्या ‘ए’भोवती फिरणारा ग्रह असेल तर नावात ‘ए’ आणि मग स्मॉल बी. दोघांभोवती फिरत असेल तर काटेकोर लिहिणारे कंसात ‘एबी’ आणि पुढे स्मॉल बी असं लिहितात. म्हणजे ग्रहाच्या नावातच त्याचा अँटिसीडंट.

पण यातही एक खड्डा आहे. केपलर-१६ कॅपिटल बी हा छोटा लाल तारा आणि केपलर-१६ स्मॉल बी हा शनीएवढा ग्रह! लेक्चरमध्ये बोलताना दोन्ही ऐकू येतात सारखेच. आणि देवनागरीत लिहायचं तर? आपल्या लिपीत कॅपिटल-स्मॉल हा प्रकारच नाही. ‘केपलर-१६ बी’ असं लिहिलं की ग्रह आणि तारा एकाच नावाखाली चिरडले गेले. मराठीत लिहिणाऱ्याने प्रत्येक वेळी ‘बी तारा’, ‘बी ग्रह’ असं लिहावं, दुसरा इलाज नाही.

नावात अँटिसीडंट घालण्याआधी तो सापडावा लागतो, हे वेगळं सांगायला नको. गॅमा सेफी या ताऱ्याचीच गोष्ट घ्या. त्याला एक अंधूक जोडीदार आहे, शिवाय त्याच्या प्रकाशात एक बारीकशी लय जाणवत होती, जणू कुणीतरी त्याला हलकेच मागेपुढे ओढतंय. १९८८मध्ये कॅनडातल्या ब्रूस कॅम्पबेल, गॉर्डन वॉकर आणि स्टीफनसन यांग यांनी सुचवलं की हे ओढणं ग्रहाचं असू शकेल. सूर्यासारख्या ताऱ्याभोवतीचा एकही परग्रह तेव्हा पक्का झालेला नव्हता. १९९२मध्ये मात्र ते मागे सरले. ही लय ताऱ्याच्या स्वतःच्याच पृष्ठभागातून, त्याच्या स्वतःभोवती फिरण्यातून येत असावी, असं त्यांना वाटू लागलं. ‘इट वॉबल्स’ हे ठीक, पण हेलकावा ‘त्याचा’ की ‘त्याच्यामुळे’? २००३पर्यंत अधिक मापनं जमली आणि ग्रह खरा ठरला. तो मोठ्या ताऱ्याभोवती साधारण अडीच वर्षांत फिरतो, जोडीदार तारा लांब राहून त्या ताऱ्याला दशकांच्या हिशेबाने ओढत असतो. दोघांची ओढ वेगळी काढता आली, तेव्हा कुठे सर्वनाम सुटलं. पंधरा वर्षं लागली.

मे-जूनच्या संध्याकाळी दक्षिणेकडे क्षितिज मोकळं असेल, तर आपल्याकडूनही अशी एक जोडी दिसते. अल्फा सेंटॉरी, म्हणजे आपल्याकडचा ‘मित्र’. क्षितिजापासून फार वर येत नाही, त्यामुळे शहरात इमारतींच्या मागे हरवतो, पण कोकणच्या किनाऱ्यावर किंवा एखाद्या गडावर गेलात तर बघाच. डोळ्यांना एकच ठिपका. दुर्बिणीतून दोन, सुमारे ८० वर्षांत एकमेकांभोवती फिरणारे. आणि तिसरा प्रॉक्झिमा, नुसत्या डोळ्यांना न दिसणारा, या दोघांपासून खूप लांब राहून संसार करणारा. प्रॉक्झिमाचा एक ग्रह २०१६मध्ये जाहीर झाला. तो प्रॉक्झिमाला अवघ्या ११ दिवसांत प्रदक्षिणा घालतो. बातम्यांत तेव्हा ‘अल्फा सेंटॉरीचा ग्रह’ असंही छापून आलं. चूक म्हणवत नाही. पण ‘चा’ हा एवढासा प्रत्यय तीन ताऱ्यांपैकी नेमका कुणाकडे बोट दाखवतो, हे वाचणाऱ्याला कसं कळावं?

तुमच्या जर्नलमध्ये

शाळेत निबंध लिहिताना आपल्याला शिकवतात, तोच शब्द पुन्हा पुन्हा वापरू नका. निबंधापुरतं ठीक आहे. विज्ञान लिहिताना हा सल्ला सरळ विसरा, असं माझं स्पष्ट मत आहे. ‘द प्लॅनेट’ चार ओळींत चारदा आला तर वाचणाऱ्याला कंटाळा येईल फार तर, पण तो भलत्याच ताऱ्याभोवती फिरणार नाही. प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये ‘दिस शोज दॅट’ असं लिहिता ना? ‘दिस’ म्हणजे काय? रीडिंग, ग्राफ की तुमचा अंदाज? ‘दिस ग्राफ शोज’ लिहा. एका शब्दाचा खर्च आहे.

वाचताना मात्र पेन्सिल हातात ठेवा. ‘इट’ आणि ‘दे’ला गोल करा, त्यातून मागच्या नामाकडे बाण काढा. दोन बाण निघत असतील तर दोन्ही काढा आणि एकेक नाम बसवून वाक्य पुन्हा वाचा. जे वाक्य खोटं ठरतं तो बाण खोडा. दोन्ही खरी वाटली तर लेखकाने घोळ घातलाय असं समजा आणि बेधडक सरांना विचारा. तुमच्या डोक्यात काही बिघाड नाही.

स्पर्धा परीक्षांच्या ‘स्पॉट द एरर’मधली एक जुनी खोडीही याच घरातली. ‘केपलर-१६ इज वन ऑफ द बायनरीज दॅट हॅव अ प्लॅनेट.’ इथे हॅव की हॅज? सुरुवातीचा ‘वन’ बघून हात ‘हॅज’कडे जातो. पण ‘दॅट’चा बाण काढून बघा. तो ‘वन’कडे जात नाही, ‘बायनरीज’कडे जातो, कारण ग्रह असलेल्या जोड्या अनेक आणि केपलर-१६ त्यातली एक. म्हणून ‘हॅव’.

केपलर-१६बद्दल एक गोष्ट सांगायची राहिली. त्या ग्रहाची कक्षा हळूहळू डुलते. त्यामुळे आपल्या दृष्टीने तो छोट्या ताऱ्यासमोरून जाणं २०१४मध्ये थांबलं आणि मोठ्या ताऱ्यासमोरून जाणं २०१८मध्ये. गणित सांगतं की तो पुन्हा समोरून जाताना दिसू लागेल २०४२च्या सुमारास. मधल्या काळात फ्रान्समधल्या ओत-प्रोव्हान्स वेधशाळेच्या १९३ सेंटिमीटर दुर्बिणीने, ताऱ्याच्या हेलकाव्यावरून, तो तिथेच असल्याची खात्री केली. ते निष्कर्ष २०२२मध्ये जाहीर झाले. सध्या तो आहे, दोघांभोवती फिरतोय, फक्त आलेखात त्याचा खळगा नाही. २०४२ साली तुम्ही चाळिशीच्या आसपास असाल. तेव्हा कुणाच्या तरी स्क्रीनवर एका ठिपक्याचा प्रकाश वेळ न पाळता जरासा उतरेल, आणि त्या खळग्याचा अँटिसीडंट तुम्हाला आधीच माहीत असेल.